लिंकचं नाव-गाव काय?

इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात माझी पहिली बातमी वेबसाइटवर लागली. खाली चक्क माझं नाव! साहजिकच पहिली लिंक आईला पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, पण उत्तर काही येईना. तासाभराने न राहवून फोन केला, "वाचलंस का गं?" तर आई म्हणते, "काय वाचायचं? तू कसलीतरी इंग्रजी अक्षरं पाठवलीयस. तूच म्हणालीस ना, असल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही म्हणून? मला वाटलं, तुझा फोनच हॅक झाला."

आईचं शंभर टक्के बरोबर होतं. मी बातमीचा मूळ पत्ता एका फुकट साइटवर टाकून छोटा करून घेतला होता. हाती आलं ते एक अनोळखी नाव, तिरकी रेघ आणि पुढे सात विचित्र अक्षरं. खाली ना फोटो, ना मथळा. ही लिंक माझ्या बातमीची होती, पण तशीच एखादी बनावट ई-चलानची किंवा 'लग्नाला यायचं हं' म्हणत येणाऱ्या घातक फाइलचीही असू शकली असती. दोन्हींत फरक कसा करायचा, हे तिला कोण सांगणार? त्या लिंकवर माझं नाव कुठेच नव्हतं.

आता तुम्ही स्वतःकडे बघा. तुमच्यातलं कुणी कॉलेजच्या फेस्टची साइट सांभाळतं, कुणी ट्रेकिंग ग्रुपची, कुणी मंडळाची, कुणाचा घरगुती दिवाळी फराळाचा छोटा धंदा आहे. साइटवर प्रत्येक पानाखाली हिरवी, निळी, काळी शेअरची बटणं असतात. ती दाबल्यावर पुढे नेमकं काय जातं, हे तुम्ही कधी तपासलंय? मी तरी परवापर्यंत तपासलं नव्हतं.

बटण करतं तरी काय?

शेअरचं बटण म्हणजे काही जादू नाही. व्हॉट्सॲपचं बटण दाबलं की ते व्हॉट्सॲप उघडतं आणि मेसेजच्या चौकटीत पानाचा पत्ता भरून ठेवतं. फेसबुकचं बटणही तेच करतं. आता तो पत्ता कोणता भरायचा, हे बटणाला सांगता येतं. सांगितलं नाही, तर ते ब्राउझरमध्ये दिसणारा लांबलचक पत्ता जसाच्या तसा उचलतं.

इथे आपल्या मराठीची खास गंमत होते. बऱ्याच मराठी साइट्सवर मथळ्यावरूनच पानाचा पत्ता तयार होतो, तोही देवनागरीत. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांचा पाऊस! कारण असं, की वेब पत्त्याच्या जुन्या नियमांत फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं बसतात. देवनागरीतलं एक अक्षर साठवायला कॉम्प्युटरला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट 'टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं' असा लिहिला जातो. म्हणजे साधा 'म' घ्या, त्याचं '%ई०%ए४%एई' असं नऊ अक्षरी शेपूट होतं. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगळं मोजायचं. 'मराठी' या शब्दाची ४५ अक्षरं होतात, 'गणेशोत्सव'ची ८१. 'आमच्या कॉलेजचं नाटक अंतिम फेरीत' एवढा मथळा पत्त्यात गेला, तर त्याची लांबी अडीचशेच्या घरात जाते. असा मेसेज ग्रुपवर टाकला की अर्धा स्क्रीन टक्क्यांनी भरतो.

मग आपण काय करतो? मी केलं तेच. फुकट साइट शोधतो, लिंक छोटी करतो, पाठवून मोकळे होतो.

एका चाकापासून १४० अक्षरांपर्यंत

छोट्या लिंकची सुरुवात मोठी गमतीदार आहे. केविन गिल्बर्टसन नावाच्या अमेरिकी वेब डेव्हलपरला एका चाकाच्या सायकलचा नाद होता. त्या विषयावरच्या चर्चांचे पत्ते इतके लांब असायचे, की ईमेलमध्ये तुटायचे. म्हणून त्याने २००२ मध्ये टायनीयूआरएल सुरू केलं. पुढे २००६ मध्ये ट्विटर आलं. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची, त्यातली २० वापरकर्त्याच्या नावाला ठेवून उरलेली १४० मजकुराला. त्यात लांब लिंक बसवायची कुठे? छोट्या लिंकना सुगीचे दिवस आले. बिटली आली, गुगलने स्वतःची सेवा आणली, मोठ्या कंपन्यांनी आपापली छोटी नावं घेतली. यूट्यूबने बेल्जियमचं 'डॉट बीई' वापरून नाव जुळवलं, तर लिंक्डइनच्या छोट्या लिंकचा शेवट आपल्या भारताच्या 'डॉट इन'ने होतो.

आज ते कारण उरलेलं नाही. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, कितीही लांब लिंक टाकली तरी ती स्वतःच्या छोट्या पत्त्यात गुंडाळून २३ अक्षरंच मोजतं. व्हॉट्सॲपवर तर जागेची अडचणच नाही. मग छोटी लिंक हवी कशाला?

मला तीन कारणं दिसतात. एक म्हणजे वर सांगितलेला टक्क्यांचा पाऊस. दुसरं, लिंक फक्त दाबायची नसते, कधी कधी ती बोलायची किंवा छापायचीही असते. स्टेजवरून सूत्रसंचालकाने "कॅपिटल के, स्मॉल एक्स, सात, मग शून्य... नाही, ओ" असं सांगितलं, तर प्रेक्षागृहात कोण टाइप करणार? त्याऐवजी "आमच्या साइटचं नाव, तिरकी रेघ, नाटक" एवढं सांगितलं की काम झालं. तिसरं कारण मोजणीचं. व्हॉट्सॲपच्या बटणाला एक लिंक आणि फेसबुकच्या बटणाला दुसरी दिली, की नाटकाची तिकिटं नेमकी कुठून बुक झाली ते कळतं. पोस्टरवर पैसे घालायचे की रीलवर मेहनत घ्यायची, हे भांडण आकड्यांवर सुटतं.

ही तिन्ही कारणं खरी आहेत. पण ती 'छोट्या' लिंकची जेवढी आहेत, त्याहून जास्त 'आपल्या नावाच्या' लिंकची आहेत. आणि आपण नेमका तिथेच आळस करतो.

उसन्या नावाची किंमत

आमच्या विभागात दर वर्षी विद्यार्थी प्रायोगिक अंक काढतात. माझ्या सीनिअर्सनी एका अंकात जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या पाच ऑडिओ मुलाखती केल्या होत्या आणि ऐकण्यासाठी पानावर क्यूआर कोड छापला होता. कल्पना झकास. यंदा संदर्भासाठी तो अंक काढला, कोड स्कॅन केला, तर समोर पाटी: या कोडची मुदत संपली आहे, सुरू करायचा असेल तर पैसे भरा. मुलाखती अजूनही ड्राइव्हवर कुठेतरी आहेत. कुणाच्या ड्राइव्हवर, ते कुणालाच आठवत नाही.

झालं असं, की त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात आमचा पत्ता नव्हताच. त्यात कोड बनवून देणाऱ्या साइटची छोटी लिंक होती आणि ती पुढे मुलाखतींकडे नेत होती. अशा कोडला 'डायनॅमिक' म्हणतात. त्यामागचं ठिकाण नंतर बदलता येतं, ही त्याची सोय. पण मधला दरवाजा दुसऱ्याच्या मालकीचा. त्याने कुलूप घातलं की आपण बाहेर.

हे फक्त चिल्लर साइट्सचं होतं असं समजू नका. गुगलची छोट्या लिंकची सेवा २००९ मध्ये आली. २०१८ मध्ये कंपनीने ती बंद करायचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये नव्या लिंक बनवणं थांबलं. २०२४ मध्ये घोषणा झाली, की आधीच्या लिंकही २५ ऑगस्ट २०२५ नंतर चालणार नाहीत. बरीच ओरड झाली. शेवटच्या महिन्यात कंपनीने निर्णय थोडा सैल केला आणि वापरात असलेल्या लिंक चालू ठेवायचं ठरवलं, वापरात नसलेल्यांना मात्र सूट नाही. पण 'वापरात नसलेली' म्हणजे काय? कुणाच्या जुन्या प्रबंधाच्या तळटीपेतली लिंक वर्षभर कुणी दाबली नसेल, म्हणून ती निरुपयोगी ठरते का?

दुसरा किस्सा २०१० चा. बिटलीच्या नावातलं 'डॉट एलवाय' हे लिबिया देशाचं. तेच शेपूट घेऊन एका अमेरिकी लेखिकेने 'व्हीबी डॉट एलवाय' नावाची लिंक छोटी करण्याची सेवा चालवली होती. त्यावरचा मजकूर आमच्या कायद्यात बसत नाही, असं म्हणत लिबियाच्या नोंदणी संस्थेने ते नाव काढून घेतलं. त्या सेवेवर बनवलेली प्रत्येक लिंक एका फटक्यात मेली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. मालक चांगला असतो, असतो, आणि एक दिवस फोन येतो.

आईला कसं कळावं?

तरीही लिंक तुटण्यापेक्षा मला आईचा प्रश्न जास्त मोठा वाटतो. आपण घरातल्या मोठ्यांना सतत बजावतो, की अनोळखी लिंक उघडू नका. सरकारही त्याच दिशेने पावलं टाकतंय. 'ट्राय'च्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांच्या एसएमएसमध्ये आधी नोंदवलेल्याच लिंक जाऊ शकतात, बाकीचे मेसेज अडवले जातात. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट्स 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. दोन्हींमागचा विचार एकच: पत्त्यावरून माणूस ओळखता यायला हवा.

आणि आपण काय करतोय? मंडळाच्या वर्गणीची लिंक, रक्तदान शिबिराचा फॉर्म, इंटर्नशिपची जाहिरात, सगळं त्याच बिनचेहऱ्याच्या सात अक्षरांतून पाठवतोय. म्हणजे एका हाताने 'अनोळखी लिंक दाबू नकोस' सांगायचं आणि दुसऱ्या हाताने अनोळखी लिंक दाबायची सवय लावायची. फसवणाऱ्याला आणखी काय हवं? आपल्या चांगल्या लिंक त्याच्या वाईट लिंकसारख्या दिसतात, म्हणून तर त्याच्या वाईट लिंक आपल्या चांगल्या लिंकसारख्या खपतात.

मध्ये जाहिरातीचं पान दाखवणाऱ्या फुकट सेवा तर आणखी घात करतात. आपण लिंक पाठवतो तेव्हा व्हॉट्सॲप त्या पत्त्यावर जाऊन मथळा आणि फोटो आणतं. वाटेत दुसरंच पान आडवं आलं, की त्याला आपला मथळा सापडत नाही. माझ्या बातमीचं तेच झालं होतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, गरज नसेल तर लिंक छोटी करूच नका. तुमचा मूळ पत्ताच आटोपशीर असेल, तर त्याहून चांगलं काही नाही. साइट नव्याने बनवत असाल, तर पानाच्या पत्त्यात मथळा पूर्ण न टाकता रोमन लिपीत एक-दोन शब्द ठेवा. मथळा मराठीतच राहू दे, तो वाचायचा असतो. पत्ता पोचण्यासाठी असतो.

दुसरी, छोटी करायचीच असेल तर स्वतःच्या नावाने करा. 'डॉट इन'चं नाव साधारण एका पिझ्झाच्या पैशांत वर्षभर मिळतं. ग्रुपमध्ये दहा जण असाल, तर प्रत्येकी वडापावाचा हिशोब. साइटचं नाव आधीच असेल तर वेगळं घ्यायचीही गरज नाही, त्याच नावाच्या पुढे तिरकी रेघ मारून 'फॉर्म', 'तिकीट', 'वर्गणी' असे पत्ते बनवता येतात. वर्डप्रेसवर त्यासाठी तयार प्लगइन आहेत. ज्यांना थोडं कोडिंग जमतं, त्यांच्यासाठी 'योअर ओन यूआरएल शॉर्टनर' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आपल्याच सर्व्हरवर चालतं, लिंकचा हिशोबही आपल्याकडेच राहतो.

तिसरी, ती लिंक बटणाला सांगा. आपण लिंक बनवतो, इन्स्टाच्या बायोत लावतो आणि साइटवरची बटणं मात्र जुनाच लांब पत्ता वाटत बसतात. साइट बनवणाऱ्या मित्राला एवढंच विचारा, "शेअर बटणात कोणता पत्ता जातोय? तिथे आपली छोटी लिंक टाकता येईल का?" बहुतेक वेळा काम एका ओळीचं असतं. मग स्वतःच बटण दाबून लिंक स्वतःला पाठवा. मथळा आणि फोटो नीट दिसला, तरच पुढे जा.

चौथी गोष्ट जरा तांत्रिक, पण कामाची. लिंक पुढे ढकलण्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत, ३०१ म्हणजे कायमचं आणि ३०२ म्हणजे तात्पुरतं. 'तिकीट' या लिंकमागचं पान दर वर्षी बदलणार असेल, तर ३०२ वापरा. ३०१ वापरलंत तर लोकांचे ब्राउझर जुना पत्ता लक्षात ठेवतात आणि यंदाचा प्रेक्षक गेल्या वर्षीच्या नाटकाला पोचतो.

मोजा, पण डोकावू नका

आता थोडं आपल्या विरुद्धही बोलू. मोजणीची सोय हाताशी आली, की हाव सुटते. कोण आलं, कुठून आलं, कोणत्या फोनवरून, किती वाजता, हे सगळं लिंकमधून कळू शकतं. फेसबुकसारख्या कंपन्यांची तयार बटणं तर याच्या पुढची. ती पानावर नुसती असली, तरी कुणी न दाबताही भेटीची माहिती कंपनीकडे जाऊ शकते. युरोपातल्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी एका कपड्यांच्या वेबसाइटच्या खटल्यात म्हटलं, की असं लाइक बटण लावणारी साइटही त्या माहितीच्या गोळा होण्याला जबाबदार आहे. 'बटण त्यांचं, आम्हाला काय माहीत' हे चालणार नाही.

आपल्यासाठी धडा सोपा आहे. कंपनीचं तयार बटण चिकटवण्याऐवजी साधं लिंकचं बटण ठेवा. दाबेपर्यंत ते कुणाला काही कळवत नाही. आणि आकडे बघताना 'व्हॉट्सॲपवरून किती' एवढंच बघा, 'कोण' हे सोडून द्या.

आणखी एक धोका प्रामाणिकपणे सांगायला हवा. स्वतःचं नाव घेतलं आणि पुढच्या वर्षी पैसे भरायला विसरलात, तर ते नाव दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो. मग तुमच्या जुन्या पोस्टरवरची लिंक थेट जुगाराच्या साइटवर! उसन्या नावापेक्षा हे वाईट. म्हणून नाव घेताना ते एकट्याच्या ईमेलवर नको, ग्रुपच्या ईमेलवर घ्या. सगळ्या लिंकची यादी एका शीटमध्ये ठेवा आणि बॅच पास आउट होताना किल्ल्या जशा देतात, तशी ती शीट ज्युनिअर्सच्या हाती द्या. एकदा छापलेली लिंक दुसऱ्या कामाला वापरू नका. आणि छापील क्यूआर कोडमध्ये शक्यतो तुमच्याच नावाचा पत्ता थेट घाला. असा कोड 'स्टॅटिक' असतो, त्याची मुदत संपत नाही.

उजवीकडून वाचा

शेवटी, लिंक पाठवणारे आपण दिवसभर लिंक उघडणारेही असतो. त्यामुळे घरी जाऊन एक गोष्ट शिकवा. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ कुठे येते ते शोधायचं आणि तिथून डावीकडे वाचत जायचं. रेघेला चिकटलेले शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे खरा मालक. सुरुवातीला 'परिवहन' लिहिलंय म्हणून ते सरकारी होत नाही. रेघेच्या अगदी आधी 'जीओव्ही डॉट इन' असायला हवं. शंका आली तर उघडू नका, पाठवणाऱ्याला फोन करा. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर कळवा.

मी हे आईला शिकवलं. मग बातमीची लिंक पुन्हा पाठवली, या वेळी वर्तमानपत्राच्या स्वतःच्या नावाची. तिने मोठ्याने वाचत नाव ओळखलं, उघडली, आणि दहा मिनिटांनी मेसेज आला: "वाचली. छान आहे. दुसऱ्या परिच्छेदात 'परीक्षा' ऱ्हस्व लिहिलीयस."

तुमच्या ग्रुपच्या साइटवरचं शेअर बटण आज एकदा दाबून बघा आणि जी लिंक येईल ती घरातल्या सगळ्यात सावध माणसाला पाठवा. तिने ती न विचारता उघडली, तर तुमचं काम झालंय. "हे कुणाचं आहे?" असा प्रश्न आला, तर संध्याकाळी तासभर वेळ काढा.